मामांची कमान

जिला घाबरता येणार नाही अशी एकही गोष्ट देवाने या पृथ्वीवर निर्माण केलेली नाही, असं आमच्या हिच्या मामांचं ठाम मत आहे. हे मत त्यांनी कुठल्या पोथीतून उचललेलं नाही. जन्मभर एकेका गोष्टीला स्वतः घाबरून पडताळून घेतलं आहे. पाल, कुत्रं, पोलीस इथपर्यंत आपणही त्यांच्याबरोबर असतो. पण मामा लिफ्टला घाबरतात, आणि लिफ्ट बंद असेल तर जिन्याला. म्हणून एवढा पैसा असून गुडगावात तळमजल्यावर राहतात, आणि तळमजल्यावर चोर येतात म्हणून रात्री जागे असतात. फोन वाजला की दचकतात आणि दिवसभर वाजला नाही तर "आज एवढं शांत का आहे?" म्हणून त्याहून जास्त दचकतात. अनोळखी नंबर असला तर उभं राहून बोलतात. "मामा, तब्येत छान दिसतेय" असं कुणी म्हणालं तर दुसऱ्या दिवशी रक्त तपासून घेतात. एकदा मागून पोलिसांची जीप येताना दिसली म्हणून मामांनी गाडी इतक्या तत्परतेने कडेला घेतली, की पोलिसांनाच संशय आला. त्यांनी जीप थांबवून विचारलं, "क्या हुआ जी?" मामा दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून म्हणाले, "अभी तक तो कुछ नहीं हुआ."

असा हा माणूस मानेसरमध्ये एका कारखान्याचा मालक आहे, आणि तो कारखाना वडिलांनी ठेवलेला नाही. मामा कऱ्हाडकडचे. आयटीआय करून तरुणपणी दिल्लीला आले ते पहाडगंजमधल्या एका स्वस्त लॉजवर उतरले. मामी अजून सांगतात, की ते पहिले सहा महिने पायात बूट घालून झोपत. का, तर पळायची वेळ आली तर नाड्या बांधायला सवड मिळणार नाही. त्या बुटांनिशी त्यांनी आधी दुसऱ्याच्या कारखान्यात फिटरचं काम केलं, मग एक जुनं मशीन घेतलं, मग शेड घेतली. आम्हा सरकारी नोकरांना माणूस धाडसाने मोठा होतो असं वाटतं, कारण ते आपल्याला जमण्यासारखं नसतं आणि त्यामुळे बरं पडतं. मामा मोठे झाले ते निव्वळ भीतीच्या जोरावर.

त्यांच्या कारखान्यात गाड्यांच्या ब्रेकमधली रबरी सील बनतात. सील म्हणजे अंगठीएवढी रबराची चकती. ती फाटली की ब्रेकचं तेल गळतं, आणि ब्रेकचं तेल गळलं की पुढे काय होतं ते मामा आपण जेवायला बसलो असताना सविस्तर सांगतात. प्रत्येक सील एक माणूस तपासतो. तो चुकेल या भीतीने दुसरा तपासतो. दोघं एकाच वेळी चुकतील या भीतीने संध्याकाळी मामा स्वतः पेटीत हात घालून सीलं ताणून बघतात. एकदा एका बड्या गाडीकंपनीचे साहेब पाहणीला आले आणि त्यांनी इंग्रजीत मामांचं गुणवत्तेबद्दलचं धोरण विचारलं. मामा म्हणाले, "साहब, हमको डर लगता है." साहेबांना तो विनय वाटला. त्यांनी ऑर्डर दुप्पट केली, आणि मामांची भीतीही त्याच हिशेबाने दुप्पट झाली.

संक्रांतीला दिल्लीतली मराठी मंडळी पानिपतला काला अंबच्या स्मारकावर जातात, तेव्हा मामाही मफलर गुंडाळून बसमध्ये दाराजवळची जागा धरून येतात. तिथे दरवर्षी कुणीतरी शौर्यावर बोलतं, आमच्यासारख्यांच्या अंगावर काटा येतो. एका वर्षी भाषण संपल्यावर मामा मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "जावईबापू, शूर सगळेच होते हो. त्यांच्यात एक जरी नीट घाबरणारा माणूस असता ना, तर त्याने आधी धान्य बघितलं असतं, पाणी बघितलं असतं, परतीचा रस्ता बघितला असता." मग आजूबाजूला कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून त्यांनी पाहिलं आणि तिळगुळाची वडी माझ्या तोंडात घातली.

आता अशा माणसाने राजकीय पक्षाला देणगी का द्यावी, हे मी तरी विचारलं नाही. मानेसरात कारखाना टाकल्यावर पहिल्याच निवडणुकीला एका पक्षाचा तिथला पुढारी, ज्याला सगळे नेताजी म्हणत, चार माणसं घेऊन आला. तो दारातून "राम राम, सेठजी" म्हणेपर्यंत मामांनी चेकबुक उघडलं होतं. तेव्हापासून दरवर्षी देणगी जाऊ लागली. देणगी कमी पडली असेल का म्हणून मामा आधी आठवडाभर घाबरत, जास्त झाली असेल आणि डोळ्यांवर येईल म्हणून नंतर आठवडाभर. पावती घेतली तर दुसऱ्या पक्षाला कळेल आणि नाही घेतली तर इन्कमटॅक्सला, या पेचावर त्यांनी माझ्याशी एकदा अख्खी रविवारची दुपार खर्च केली आहे.

पण गंमत अशी की इतकी वर्षं देऊन मामांनी नेताजींकडे काही म्हणजे काहीच मागितलं नाही. परवाना नाही, प्लॉट नाही, कुणाची बदलीसुद्धा नाही. सुरुवातीला नेताजींना बरं वाटलं. मग नवल वाटलं. मग मात्र ते अस्वस्थ झाले. मागणारा माणूस त्यांना कळत होता. न मागणारा म्हणजे कुणाचा तरी हेर असणार, नाहीतर एक दिवस भलतंच काही मागणार. अखेर मामा नेताजींना जितके घाबरत त्याच्या निम्मे तरी नेताजी मामांना घाबरू लागले. दिवाळीला स्वतः मिठाई घेऊन येत आणि जाताना म्हणत, "सेठजी, कुछ तो हुकुम करो."

मामांना हवं काहीच नव्हतं असं मात्र नाही. ते काय होतं, हे मला एका जानेवारीच्या संध्याकाळी कळलं.

कारखान्याच्या फाटकासमोरून सेक्टरचा मोठा रस्ता जातो. पलीकडे शेअर ऑटो आणि कंपनीच्या बसगाड्या उभ्या असतात, अलीकडे कारखाने. मधून खडी-वाळूचे डंपर धावतात आणि त्यांना ब्रेक आहेत हे ड्रायव्हरना माहीत नसावं असे धावतात. मामांचं पहिलं मशीन चालवणारा रामकिशन याच रस्त्यावर शिफ्ट सुटल्यावर डंपरखाली आला. जीव वाचला, एक पाय गेला. मामांनी त्याला फाटकावर खुर्ची दिली, पगार चालू ठेवला. पण त्याच्या कुबडीकडे ते अजून सरळ बघू शकत नाहीत. रामकिशनशी बोलताना त्यांची नजर नेहमी त्याच्या टोपीवर असते.

त्या संध्याकाळी धुकं असं होतं की फाटकातून रस्ता दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता. शिफ्ट सुटली. मामांनी टेबलाच्या खणातून एक लाल फडकं काढलं, मफलर बांधला आणि मला म्हणाले, "तुम्ही आत थांबा." मी अर्थात बाहेर गेलो. पॅकिंगच्या बायका, मोल्डिंगची माणसं रस्त्याच्या कडेला गठ्ठ्याने उभी होती. मामा, ज्यांना लिफ्टची भीती वाटते ते मामा, त्या धुक्यात रस्त्याच्या मध्यावर गेले आणि हात वर करून उभे राहिले. डंपरचे दिवे आधी पिवळट डागांसारखे दिसले, मग एकदम मोठे झाले. मामांचा हात खाली आला नाही, पण तो इतका थरथरत होता की फडकं आपोआप हलत होतं. हॉर्न, शिव्या, टायरचा कर्कश आवाज. माणसं धावत पलीकडे गेली. मी त्यांच्यामागून निघालो आणि मधेच माझे पाय थिजले. डावीकडे बघू की उजवीकडे, तेच सुचेना. मामांनी माझा हात धरून मला ओढलं. त्यांचा हात बर्फासारखा गार होता. खरं सांगतो, जन्मात इतका मी कधी घाबरलो नव्हतो, आणि हा माणूस हे रोज करत होता.

आत आल्यावर मी रागावूनच विचारलं, "मामा, त्या नेताजींना एवढे पैसे देता. इथे पायी जायला एक पूल मागत का नाही?"

मामांनी फडक्याची नीट घडी घातली. म्हणाले, "मागायचंच आहे हो. त्याच्यासाठीच तर देतो. पण मागितलं आणि नाही म्हणाले तर? आज निदान मागायचं शिल्लक आहे."

घरी येऊन मी हे हिला सांगितलं, हिने मामींना, आणि मामींनी मामांना असं धारेवर धरलं की पुढच्या दिवाळीला नेताजी मिठाई घेऊन आले तेव्हा साबुदाण्याच्या खिचडीची बशी पुढे करत मामींनीच सांगून टाकलं, "भाईसाब, आज इनको कुछ माँगना है." नेताजींच्या हातातला चमचा तिथेच थांबला. बिचाऱ्याने या क्षणाची कित्येक वर्षं धास्ती घेतली होती. मामा उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरला उद्देशून म्हणाले, "फॅक्टरी के सामने एक पुल चाहिए जी. पैदल वालों का. लोहे का भी चलेगा."

"बस?" नेताजी म्हणाले.

"बस."

नेताजी इतके हसले की खिचडीचा ठसका लागला. "समझो हो गया," म्हणाले आणि मामांना मिठी मारली. त्या मिठीलाही मामा घाबरले.

पण नेताजी अनुभवी माणूस. गाडीत बसल्यावर त्यांनी विचार केला असणार, की इतकी वर्षं देणगी देणारा शेठ मजुरांसाठी पूल मागतो, हे काही खरं नव्हे. लाजरा माणूस आहे, मनातलं बोलत नाही. मनात काय असणार? जे सगळ्यांच्या मनात असतं तेच. आणि पुलाला फायली लागतात, कमानीला काही लागत नाही. महिन्याभरात मामांच्या फाटकासमोर, रस्त्याच्या आरपार, एक भलीमोठी स्वागत कमान उभी राहिली. वर एका बाजूला नेताजी हात जोडून, आणि दुसऱ्या बाजूला तेवढ्याच आकाराचे मामा. फोटो दिवाळीच्या दिवशीचा, मिठी मारताना नेताजींच्या माणसाने काढलेला, फ्लॅश पडला त्या क्षणीचा. डोळे विस्फारलेले, तोंड किंचित उघडं. खाली लिहिलं होतं, 'समाजसेवी, उद्योगपती'.

ज्या माणसाने लग्नाच्या फोटोतसुद्धा मामींच्या मागे उभं राहायचा प्रयत्न केला होता, तो आता रस्त्याच्या डोक्यावर जाऊन बसला. मामांनी कमान गाडीतून पाहिली आणि ड्रायव्हरला तिथूनच गाडी वळवायला लावली. घरी येऊन पांघरूण घेऊन झोपले. "आता सगळ्यांना कळलं," एवढंच म्हणत होते. इन्कमटॅक्स, दुसरा पक्ष, खंडणीवाले, दूरचे नातेवाईक, सगळ्यांना. दोन दिवस त्यांनी फोन घेतला नाही. तिसऱ्या दिवशी मामींनी फोन उचलून त्यांच्या कानाला लावला, कारण पलीकडे रामकिशन होता आणि तो ओरडत होता, "साहब, डंपर रुक रहे हैं!"

झालं होतं असं, की रस्त्याच्या एका कडेला उघडं गटार होतं आणि दुसऱ्या कडेला नेताजींच्या मेहुण्याचा ढाबा. गटारात खांब उभा राहीना आणि मेहुण्याच्या ढाब्यासमोर खांब चालेना. म्हणून ठेकेदाराने दोन्ही खांब चांगले आत, रस्त्यावरच रोवले होते. कमान वाकडी तर झालीच, पण रस्ताही तिथे असा आवळला गेला की डंपरवाल्याला खांब वाचवायचा तर गियर बदलून, मुंगीच्या पावलाने जाणं भाग होतं. रामकिशनने कुबडी टेकत स्वतः रस्ता ओलांडून पाहिला होता, अपघातानंतर पहिल्यांदा.

मामा त्या संध्याकाळी कारखान्यात गेले. स्वतःच्या त्या भयानक चेहऱ्याखाली उभे राहून त्यांनी सगळी शिफ्ट पलीकडे जाताना पाहिली. लाल फडकं खिशातून काढावंच लागलं नाही. परत येताना गाडीत ते मामींना म्हणाले, "फोटो वाईट आलाय, पण जागा चांगली आहे."

आता घाबरायला काही उरलं नाही असं तुम्हाला वाटेल. पण पुढच्या निवडणुकीत नेताजी पडले. दुसऱ्या पक्षाचा माणूस निवडून आला, आणि ज्याने त्याने मामांना एकच सल्ला दिला, की फोटो उतरवा, कमान पाडा, बोभाटा व्हायच्या आत. मीही दिला. सरकारी नोकरीत एवढी वर्षं काढून मला दुसरं काय शिकायला मिळणार? मामा झोपेतून उठून बसत असं मामी सांगत. तरी कमान उभी राहिली.

एका शनिवारी मी मामांच्या ऑफिसात होतो आणि नवे पुढारी स्वतः आले. चष्मा लावलेला, हळू आवाजात बोलणारा तरुण माणूस. हळू बोलणाऱ्यांना मामा ओरडणाऱ्यांपेक्षा जास्त घाबरतात. चहाचा कप पुढे करताना निम्मा चहा बशीत होता.

"सेठजी," तो म्हणाला, "ये गेट तो अवैध है. गिराना पड़ेगा."

"नहीं," असा शब्द ऐकू आला. कोण म्हणालं म्हणून मामांनी वळून मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं. मग त्यांच्या लक्षात आलं आणि चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, आता हे खाली बसणार. पण मामा टेबलाची कड धरून बोलतच राहिले. "मेरा फोटो आज ही उतार देता हूँ. आपका लगाइए, बड़ा लगाइए. चंदा जो बोलेंगे वो. लेकिन खंभे मत हिलाइए जी."

"इसमें आपका फायदा क्या है?" त्या तरुणाने विचारलं. त्याला खरोखरच कळत नव्हतं.

"डर कम लगता है."

शिफ्ट सुटायची वेळ झाली होती. मामा त्याला फाटकापर्यंत घेऊन गेले. समोर एक डंपर कुरकुरत खांबांमधून निघाला, आणि त्याच्यामागून रामकिशन कुबडी उंचावून बायकांना बोलावत होता. त्या माणसाने रामकिशनच्या पायाकडे पाहिलं. मग चष्मा पुसत म्हणाला, "देखते हैं." दिल्लीत 'देखते हैं' म्हणजे काय हे मला नोकरीमुळे माहीत आहे. त्या रात्री मी मामांसाठी खरोखर घाबरलो.

कमान पाडायला कुणी आलं नाही. काही दिवसांनी तिच्यावर नवा फ्लेक्स लागला. नेताजींच्या जागी नव्या पक्षाचे मोठे साहेब आले, मामांच्या जागी तो चष्मेवाला. जुना फ्लेक्स काढायचे कष्ट कुणी घेतले नाहीत, त्याच्यावरच ठोकला. मामा तेव्हापासून दोन्ही पक्षांना देणगी देतात, आणि दोघांना घाबरतात.

गेल्या हिवाळ्यात मामांच्या छातीत दुखलं. डॉक्टरांनी कारखान्यात जायला मनाई केली आणि भीती वाटेल असं काही करायचं नाही म्हणून बजावलं. "मग यांनी श्वास तरी कसा घ्यायचा?" मामींनी विचारलं, आणि विचारता विचारता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आता शिफ्ट सुटायच्या वेळी मामा अंगणात खुर्ची टाकून, हातात फोन धरून बसतात. रामकिशनचा फोन येतो. "सब पार?" मामा विचारतात. "सब पार, साहब." मग ते चहा मागतात. त्याआधी चहा दिला तर पीत नाहीत.

परवा जयपूरहून परतताना मी मुद्दाम मानेसरला वळलो. संध्याकाळ होत होती. वाऱ्याने कमानीवरचा फ्लेक्स फाटला होता आणि चष्मेवाल्याच्या गालातून मामांचा एक डोळा बाहेर आला होता, तसाच विस्फारलेला, रस्त्याकडे लागलेला. शिफ्ट सुटली. पॅकिंगच्या मुली हसत, गप्पा मारत, एकमेकींच्या ओढण्या ओढत रस्त्यावर उतरल्या. डंपर खांबांशी थांबला होता. त्यातल्या एकीनेही त्याच्याकडे वळून पाहिलं नाही. त्यांच्या वाटची सगळी भीती कुणीतरी आधीच भिऊन ठेवली होती, आणि त्यांना ते ठाऊकही नव्हतं.

मी तिथूनच फोन लावला. "मामा, मी स्वतः बघितलं. सगळे गेले पलीकडे."

तेवढ्यात मागून एका डंपरचा हॉर्न वाजला, आणि तो फोनमधून त्यांच्यापर्यंत पोहोचला असावा.

"जावईबापू," मामा घाबऱ्या घाबऱ्या म्हणाले, "तुम्ही कुठे उभे आहात? आधी कडेला व्हा बघू."

मी कडेला झालो.